मी टोप घासत होतो

आईनं एका फटक्यात घूस मारली आणि त्याच फटक्यात स्वतःचं उजवं मनगट मोडून घेतलं. ती स्टुलावर उभी राहून फळीवरचे डबे काढत होती. घूस मोरीच्या जाळीतून वर आली. हाताशी पितळेचा बत्ता होता. आईनं स्टुलावरूनच झेप घेतली. घूस जागच्या जागी खलास झाली, आई तिच्या शेजारी आडवी पडली, आणि पडल्यापडल्या तिनं विचारलं, "मेली काय बघ."

मी समोरच खुर्चीत बसलो होतो. या सगळ्यात मी काय केलं, असं नंतर शेजारच्यांनी विचारलं. मी पाहिलं. बत्ता खाली येताना त्यावर खिडकीचा उजेड कसा सरकत गेला, हे मला आजही दिसतं. पण उठून काही करावं हे मला सुचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. माझी आयुष्यभराची गोष्ट ही एवढीच आहे.

आम्ही मूळचे देवगडचे, पण लालबागच्या जुन्या चाळीत दुसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. वडील गिरणीत होते, ते गेले. मी एकटाच मुलगा, लग्न न झालेला, चाळिशीला टेकलेला. जाहिरातींच्या ओळी मराठीत करण्याचं काम घरून करतो. या कामात माणसांशी बोलावं लागत नाही म्हणून ते मला आवडतं. स्वयंपाक, भांडी, पाणी भरणं यांतलं काहीही आईनं मला कधी करू दिलं नव्हतं. लाड म्हणून नव्हे. घर शाबूत राहावं म्हणून.

आता तिच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं आणि घर माझ्या ताब्यात आलं होतं. ती कॉटवर बसून हुकूम सोडायची. एरवी आई चाळीतल्या इतरांसारखंच मराठी बोलते, पण संतापली की थेट मालवणात उतरते. त्या दिवसांत ती सतत मालवणातच होती.

पहिल्या रविवारी मी बांगडे साफ केले. विळीवर बसलो, पहिला बांगडा उचलला, तर तो माझ्याकडे बघत होता. माशाला पापणी नसते. म्हणजे जन्मल्यापासून मरेपर्यंत त्यानं डोळा मिटलेलाच नाही, झोपेत असतानाही समोर जे येईल ते त्याला बघावंच लागलं असणार. केवढी ही शिक्षा, असं माझ्या मनात आलं. मी बराच वेळ त्या विचारात असणार, कारण मध्येच आईचा आवाज आला.

"रे मेल्या, ह्या रगत माशाचा की तुझा?"

खाली पाहिलं तर लादीवर थारोळं झालं होतं. तळहाताला करंगळीपासून मनगटापर्यंत चीर गेली होती. दुखलं ते पाहिल्यानंतर, त्याआधी नाही. आईनं डाव्या हातानं मसाल्याच्या डब्यातली मूठभर हळद काढली आणि जखमेवर अशी दाबली की मी किंचाळलो. त्या दिवशी आम्ही दोघं आपापला एकेक हात छातीशी धरून बसलो आणि बांगड्याचं तिखलं चमच्यानं खाल्लं. तिखल्यात काटे होते, खवले होते. मीठ नव्हतं.

या असल्या गोष्टी घरातल्या घरात राहिल्या असत्या तर बिघडलं नसतं. पण पाणी भिंत मानत नाही.

आमच्याकडे नळाला पाणी सकाळी लवकर येतं आणि थोडाच वेळ असतं. मोरीतल्या पिंपात पाइप सोडायचा, पिंप भरलं की काढून बादल्यांत सोडायचा, एवढंच काम. मी पाइप सोडला आणि शेजारी उकिडवा बसलो. रिकाम्या पिंपात पाण्याचा आवाज खर्जातला असतो. पिंप भरत जातं तसा तो चढतो. मी डोळे मिटून ऐकत होतो. षड्ज, मग रिषभ, मग बराच वेळ गंधाराशी घुटमळ. पंचम लागला तेव्हा अंगावर काटा आला. आता वरचा षड्ज लागतो का, याची मी अगदी श्वास रोखून वाट बघत होतो. वरचा षड्ज लागणं म्हणजेच पिंप वाहून जाणं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पाणी मोरीचा कठडा ओलांडून, खोलीतून, उंबऱ्याखालून बाहेर गॅलरीत गेलं आणि गॅलरीचा उतार शेजारच्या दाराकडे असल्यामुळे सरळ तिकडे वळलं.

शेजारच्या खोलीत दोन भाऊ राहत होते. थोरला, त्याची बायको आणि धाकटा. थोरला एका टॉवरच्या पार्किंगमध्ये सुपरवायझर होता. दहीहंडीला तो वर्षानुवर्षं सगळ्यात खालच्या थराला उभा राहिलेला माणूस, खांदे दरवाजाएवढे. धाकटा सडपातळ, लहानपणी तोच वर चढून हंडी फोडायचा. तो आता मोटरसायकलवरून पार्सलं पोचवायचा. थोरल्याच्या बायकोला सगळी चाळ वहिनी म्हणायची. ती जमिनीवर नव्या गादीवर झोपली होती. पाणी त्या गादीत शिरलं.

थोरला आमच्या दारात आला तेव्हा मी अजून मोरीतच होतो. त्यानं मला बनियनला धरून उचललं. बनियन फाटलं, म्हणून मानेला धरलं.

"झोपलायस काय रे? भडव्या, झोपलायस काय?"

मी जागा आहे एवढं तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोच त्यानं माझ्या उजव्या कानाखाली वाजवली. डोकं पिंपावर आपटलं. पिंपाचा आवाज मात्र खरोखर सुंदर आला, भरलेल्या पिंपाचा येतो तसा जड आणि खोल. दुसरा फटका तोंडावर बसला आणि दाताखाली ओठ सापडला. तिसरा बसायच्या आधी आई आली.

"माझ्या झिलाक हात लावतंस?" असं म्हणून तिनं प्लास्टरचा हात थोरल्याच्या कपाळावर आपटला. गदा मारावी तसा. थोरला मागे हेलपाटला. प्लास्टरला उभी भेग गेली. पुढे डॉक्टरांनी ते कापून नवीन घातलं आणि मुदत आणखी वाढवली, म्हणजे तेवढे दिवस घर पुन्हा माझ्याच हाती आलं. पण ते नंतर.

त्या वेळी धाकटा धावत आला. त्यानं मागून भावाचा हात पिरगळला आणि त्याला आमच्या खोलीतून बाहेर ओढलं.

"त्याला काय मारतोस? तो काय उलट मारणार आहे तुला? दम असेल तर मला मार ना!"

थोरला थांबला. कपाळाला आलेलं टेंगूळ त्यानं बोटानं चाचपलं. मग शांतपणे म्हणाला, "तुला पण मारणार. तुझी वेळ येऊ दे."

हे सगळं गादीवरून नव्हतं हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. आमची चाळ पाडून टॉवर होणार होता. भावांची खोली अजून त्यांच्या मेलेल्या वडिलांच्या नावावर होती. नवीन घर एकट्याच्या नावावर व्हावं असं थोरल्याचं म्हणणं होतं, कारण आईबापांचं शेवटपर्यंत त्यानं केलं. धाकटा सही देत नव्हता. वर्षभर दोघं एकाच खोलीत एकमेकांशी न बोलता राहत होते. त्या सकाळी बोलणं सुरू झालं आणि मग ते थांबलंच नाही.

आमच्या दोन खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे, वरून रंग दिलेली. पलीकडे वाटी पडली तरी इकडे कळतं. पुढचे काही आठवडे आम्ही ती भिंत ऐकत होतो. एकदा टीव्ही फुटला. एकदा कुणाचं तरी डोकं आमच्याच बाजूच्या फळीवर आपटलं आणि आमचं कॅलेंडर खिळ्यावरून निसटून पडलं. शिव्या तर अशा होत्या की दोघांची आई एकच आहे हे दोघंही विसरले असावेत. असं काही सुरू झालं की मी कानात हेडफोन घालायचो. मारामारी मला सहन होत नाही. माझीसुद्धा भांडणं होतात, रोज होतात, पण ती सगळी मनातल्या मनात. रिक्षावाला, बँकेतला माणूस, शाळेतले गणिताचे मास्तर, सगळ्यांना मी वर्षानुवर्षांनी गाठून सडेतोड उत्तरं देतो आणि प्रत्येक वेळी जिंकतो.

एका दुपारी वहिनी आमच्या दारात आली. कपाळाला पदर दाबून धरलेला, पदर भिजून लाल झालेला. दोघांच्या मध्ये गेली आणि फेकलेला तांब्या तिला लागला. कुणी फेकला ते तिनं सांगितलं नाही.

"बर्फ आहे का हो भावजी?"

मी बर्फ दिला. आईनं तिला कॉटवर बसवलं. मी चहा टाकतो म्हणालो आणि खरंच टाकला. मग वहिनी हळूहळू आईशी बोलायला लागली. सांगत होती की लग्न झालं तेव्हा धाकटा शाळेत होता, त्याला आंघोळीला पाणी काढून द्यायलासुद्धा थोरलाच उठायचा. मी ऐकत होतो आणि मला तो थोरला दिसायला लागला, अंगानं एवढा धिप्पाड, पहाटे स्टोव्ह पेटवत बसलेला. करपल्याचा वास आला तेव्हा चहाच्या भांड्यात चहा नव्हताच, तळाला काळा खडक होता आणि भांड्याचा कान वितळून ओट्यावर ओघळला होता.

वहिनी त्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. हसताना कपाळ ताणलं गेलं, रक्त पुन्हा सुरू झालं, तरी तिला हसू आवरेना. "भावजी, तुमच्याशी लग्न केलेल्या बाईचं काय झालं असतं?" ती म्हणाली.

"विधवा झाली असती," आई म्हणाली. "पयल्याच म्हयन्यात."

आई तिला म्हणाली, इथेच राहा दोन दिवस. वहिनी उठली, बर्फ पदरात बांधला आणि परत गेली. जेवण व्हायचं होतं, म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी ते घडलं.

सकाळी आईनं मला तुरीची डाळ शिजवायला सांगितली. कुकर आमचा जुना, वरून झाकण लागणारा. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीतरी गेला होता, तो तिनं रस्त्यावरच्या माणसाकडून बदलून घेतला होता. आई म्हणाली, "शिट्टी झाली की गॅस बंद कर. तेवढाच कर." मी डाळ धुतली, घातली, वर पाणी घातलं. डाळ फुगते हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि आठवणं यांत माझ्या बाबतीत फार अंतर असतं. कुकर काठोकाठ भरला होता. झाकण लावलं, गॅस मोठा केला आणि तोवर भांडी घासायला मोरीत बसलो.

पहिलाच टोप हातात घेतला आणि मला आठवला तो आंबेवाला. दादरच्या बाजारात त्यानं मला पेटीत वरती पिकलेले आणि खाली दगडासारखे आंबे घालून दिले होते. त्या दिवशी मी मान खाली घालून घरी आलो होतो. आता मी त्याला गाठलं. म्हटलं, "देवगडचे म्हणून सांगितलंत ना? या देवगडच्या माणसाला?" तो म्हणाला, साहेब, आंबा आहे, आत कोण बघतो? मी म्हटलं, "मी बघतो." लोक जमले. मी मुद्दे मांडत होतो, तो मागे मागे सरकत होता, आणि टोप माझ्या हातात फिरत होता. आई ओरडत होती. ते मला ऐकू येत होतं. पण आई ओरडते आहे म्हणजे माझ्यावर ओरडते आहे, हे गृहीत धरायची मला सवय होती. शिट्टी झालेली नव्हती, मग मी कशाला उठू?

आई खरं म्हणजे गॅलरीत उभी होती आणि माझ्यावर ओरडत नव्हती. पुढचं मी तिच्याकडून आणि वहिनीकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं.

थोरल्यानं सहीचे कागद पुन्हा पुढे केले होते. धाकट्यानं ते फाडून त्याच्या तोंडावर फेकले. थोरल्यानं त्याला खोलीतून गॅलरीत फरफटत आणलं आणि लाथांनी तुडवलं. धाकटा कठड्याला धरून उठला आणि त्यानं भावाच्या तोंडावर थुंकून म्हटलं, "बाबा मरताना तुला नाही, मला हाक मारत होते." हे खरं होतं की खोटं, कुणास ठाऊक. थोरला आत गेला आणि नारळ फोडायचा कोयता घेऊन बाहेर आला. वहिनीनं त्याच्या पायांना मिठी घातली. त्यानं तिला पायानं झटकलं. ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन पडली.

"कोयतो काढल्यान! धावा रे, कोयतो काढल्यान!" आई ओरडत होती. दारं उघडत होती आणि कोयता पाहून पुन्हा लागत होती.

पहिला वार डोक्यावर होता. धाकट्यानं डावा हात वर केला. अनामिका आणि करंगळी तुटून गॅलरीच्या लादीवर पडल्या. आई सांगते, आवाज काकडी कापल्यासारखा आला, आणि तेव्हापासून ती काकडी चिरत नाही. धाकटा भिंतीला पाठ लावून खाली घसरला. हाताकडे बघत राहिला. थोरल्यानं कोयता दोन्ही हातांत धरून पुन्हा वर नेला. या वेळी मान उघडी होती.

तेव्हा कुकर फुटला.

मला तो आवाज ऐकू आला असं म्हणता येत नाही. मला तो लागला. झाकण छतावर आदळलं, पत्र्याचं छत फाटलं, खिडकीच्या काचा बाहेर उडाल्या, शेगडी ओट्यावरून खाली आली आणि उकळती डाळ माझ्या पाठीवर, मानेवर, भिंतीवर, देव्हाऱ्यावर, सगळीकडे एकाच क्षणी होती. पाठ जळायला लागली तसा मी पिंपातलं पाणी अंगावर ओतून घेतलं. गॅसचा नॉब मी बंद केला, हे मला खरंच आठवतं. आयुष्यात एक काम मी वेळेवर केलं ते तेवढंच.

गॅलरीत सगळ्यांना वाटलं सिलिंडर गेला. जो तो खाली पडला. थोरल्याच्या हातातून कोयता निसटला. आणि आई सांगते, या एका गोष्टीवर ती देवाशपथ घ्यायला तयार आहे, की थोरल्यानं एका क्षणाचाही विचार केला नाही. तो तसाच धाकट्याच्या अंगावर पडला. मारायला नव्हे. त्याचं डोकं त्यानं स्वतःच्या छातीखाली घेतलं, दोन्ही हातांनी झाकलं, आणि वरून पत्रे, काचा, जे काय पडायचं ते आपल्या पाठीवर घेतलं.

मी बाहेर आलो ते हे दृश्य बघायला. कानात फक्त एक बारीक शिट्टी वाजत होती, बाकी जग मुकं होतं. अंगावर डाळ, हातात टोप. समोर थोरला धाकट्यावर पालथा, खाली रक्त पसरलेलं, आणि लादीवर दोन बोटं. मला वाटलं हे माझ्या कुकरनं केलं. झाकणानं बोटं उडाली. मी खाली बसलो आणि म्हणत राहिलो, "शिट्टीच झाली नाही, खरंच, शिट्टीच झाली नाही." माझे मलाच शब्द ऐकू येत नव्हते. आईनं माझ्या तोंडात मारली तेव्हा थांबलो.

सगळ्यांत आधी भानावर आली ती वहिनी. ती रांगत आली आणि तिनं दोन्ही बोटं पदरात उचलली. ओठांच्या हालचालीवरून मला कळलं, ती बर्फ मागत होती. मी आमच्या फ्रिजमधला सगळा बर्फ एका पिशवीत ओतला. बोटं दुसऱ्या पिशवीत घालून ती बर्फात ठेवली. थोरला भिंतीला टेकून बसला होता. पाठीत काचा रुतलेल्या. तो कुणाकडेच बघत नव्हता. त्याला तिथेच सोडून आम्ही निघालो, धाकटा, वहिनी आणि मी. बोटांची पिशवी माझ्याकडे दिली गेली. का, तर मी एकटाच शांत दिसत होतो. मी शांत नव्हतो. मी बहिरा झालो होतो.

टॅक्सीनं आम्हाला परळच्या एका हॉस्पिटलपाशी सोडलं. धाकट्याला उभं राहवत नव्हतं, म्हणून मी एका बाजूनं आणि वहिनी दुसऱ्या बाजूनं त्याला धरून आत नेलं. स्ट्रेचरवर घातलं. डॉक्टरनं माझ्यासमोर हात पसरला. मी त्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. पिशवी टॅक्सीत होती.

वहिनीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पुन्हा कधी बघायचं नाही.

मी पळालो. अनवाणी, उघडा, पाठीची सालं निघालेली. टॅक्सी पुढे सिग्नलला अडकली होती. मी हाका मारत होतो पण त्या किती मोठ्या होत्या ते मला कळत नव्हतं. ड्रायव्हरनं आरशात मला पाहिलं, मघाचाच प्रवासी म्हणून ओळखलं नसावं, आणि काचा वर केल्या. त्याचंही चुकलं नाही, असा माणूस गाडीकडे धावत आला तर मीही काच वर केली असती. सिग्नल सुटणार होता. मी मूठ आवळली आणि त्याच्या खिडकीवर मारली. पुन्हा मारली. काच फुटली. त्याची कॉलर धरून मी त्याचं डोकं दारावर आपटलं. तो बाहेर आला आणि त्यानं मला रस्त्यावर लोळवून मारलं. नाकाचं हाड मोडलं ते तेव्हा. मी मार खात खात मागच्या दाराकडे सरपटत होतो. दार उघडलं, पिशवी ओढली आणि त्याच्यासमोर धरली. आत काय आहे ते त्याला दिसलं. त्याचा वर गेलेला हात तिथेच राहिला. मग त्यानंच मला गाडीत कोंबलं आणि उलट्या दिशेनं गाडी घालून, हॉर्नवरचा हात न काढता, दारापर्यंत नेलं.

अनामिका जोडली गेली. करंगळी नाही जोडता आली. डॉक्टर म्हणाले वेळेचा त्यात फारसा संबंध नाही, ती चिरडलेलीच होती. त्यांचं म्हणणं मी पूर्ण मानलेलं नाही.

पोलीस आले तेव्हा त्यांनी कोयता जप्त केला आणि स्फोट कशाचा म्हणून कुकरही झाकणासकट नेला. आई अजून मधूनमधून चौकीवर जाऊन विचारते, "माझो कुकर कधी गावतलो?" तो मुद्देमाल आहे, असं तिला सांगतात. साहेबांनी माझा जबाब घेतला. मला ऐकू यावं म्हणून ते ओरडून विचारत होते आणि सगळी चौकी ऐकत होती.

"तुमच्या दारात माणूस कापला जात होता. तुम्ही काय बघितलंत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? घरात होतात ना?"

"मी भांडी घासत होतो."

"इतका वेळ?"

"एकच टोप होता, साहेब."

त्यांना वाटलं मी कुणाला तरी घाबरून खोटं बोलतो आहे. माझ्यासारखं माणूस असू शकतं यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी आईला बोलवावं लागलं. तिनं सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं.

धाकट्यानं जबाबात म्हटलं की नारळ फोडताना लागलं. कोणी मानलं नाही. केस उभी राहिली, अजून चालू आहे. थोरला काही दिवस आत होता, मग जामिनावर सुटून आला. तो आला त्याच्या आदल्या दिवशी वहिनी एक बॅग भरून माहीमला बहिणीकडे गेली. आईनं थांबवलं नाही, उलट बॅग जिन्यापर्यंत मी नेली. ती परत आली नाही. तिथे आता पोळीभाजीचे डबे करते. थोरला एकटा राहतो. येताजाता भेटला तर मान खाली घालतो. मीही घालतो. मला तशी ती सवयच आहे. माझ्या उजव्या कानातली बारीक शिट्टी मात्र कधी बंद झाली नाही.

धाकटा अँटॉप हिलला एका मित्राच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेला. मागच्या महिन्यात मी त्याला भेटायला गेलो. तो स्वयंपाक करत होता. डाव्या हाताची तीन बोटं आणि ते ताठ राहणारं चौथं, यांच्यात कांदा पकडून तो भराभर चिरत होता. मी स्टुलावर बसून बघत होतो.  

मग कांद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "तुला माहितीये, तो अंगावर पडला ना, मला वाटलं संपलो. श्वासच येईना. मी त्याला चावलो. खांद्याला. तोंडात रक्त आलं त्याचं. तरी हलला नाही."

"तुला कळलं नाही? तो तुला वाचवत..."

"नाही कळलं. अजून नाही कळलं." त्यानं कांदा तेलात सोडला. तेल उडालं तसा हात झटकला. "हाताला लागलेलं डॉक्टरला दाखवतात. हे कुणाला दाखवू?"

 उत्तर घरी गेल्यावर सुचेल, रात्रभर सुचत राहील, हे मला माहीत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जरा हसला, आणि लसणाचा एक गड्डा माझ्या हातात दिला.

"सोल," म्हणाला. "आणि इकडे बघत सोल."